हत्ती भीमा ओलांडत नाहीत

मला या मुलखात थारा दिला तो आप्पांनी आणि त्यांच्या मालकीण आक्कांनी. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं मी आप्पांच्या एकेक तऱ्हा सांगणार आहे आणि वाचणारा हसणार आहे. हसावं. आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. फक्त उपकार कुणाचे ते ध्यानात ठेवून हसावं, एवढीच विनंती.

मी हिंगोलीकडचा. सातवीत गणिताच्या पेपराला कोरा कागद देऊन उठलो तो शाळेत परत गेलोच नाही. तेव्हापासून कुणी नुसतं 'परीक्षा' म्हटलं तरी मी तिथून उठून जातो. फिरत फिरत बाविसाव्या वर्षी कोरेगाव भीमाला येऊन पोचलो आणि हायवेकडेच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. राहायला एका खोलीत आम्ही नऊ जण. पहिल्या शिफ्टवाला उठला की त्याच्या गरम वळकटीवर तिसऱ्या शिफ्टवाला आडवा व्हायचा. असं वर्ष गेलं, तक्रार नव्हती.

मग एकदा गावाला फोन लावला. किराणा दुकानातल्या एक रुपयाच्या डब्यावर मी, पलीकडं बायको. तिला सहावा महिना. भाऊ-भावजय दसरा झाला की ऊसतोडीला निघणार, घराला कुलूप लागणार. ती म्हणाली, "पंधरा-सोळा दिवस हायती. मंग मी कुठं राहू?" मी म्हणालो, "इकडं ये. खोली ठरलीय." ठरली काहीच नव्हती. रुपया संपत आला होता, तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून खोली शोधायला लागलो. जिथं जाईन तिथं एकच प्रश्न : "इथलं वळखीचं कोण हाय?" कुणीच नव्हतं. चौथ्या की पाचव्या घरमालकानं हसत सांगितलं, "मळ्यातल्या आप्पाकडं जा. त्याची येक खोली कायम रिकामी असती." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "जाऊन बघ की."

आप्पा शेवग्याखालच्या ओट्यावर बसले होते. काटकुळे, गुलाबी फेटा, अंगात बंडी. घराणं मूळचं मेंढपाळांचं. वडिलांच्या हयातीत कळप मोडला आणि हे शेतीला लागले. कोरेगावात दोन एकर होती. त्यात पालेभाजी, झेंडू, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात सहा खोल्या. त्यांनी मला गाव, जात, कंपनी काही विचारलं नाही. विचारलं ते हे :

"वाघबकरी खेळला हायस का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणालो, "लहानपणी, देवळाच्या दगडावर रेघा मारून."

"मग जमंल," आप्पा म्हणाले आणि लोकरीच्या पिशवीतून एक मेणकापड काढून पसरलं.

त्यावर उभ्या नऊ रेघा, आडव्या दहा, आणि मधोमध कोरा पट्टा. मग पिशवी उलटी केली. बत्तीस लाकडी चकत्या गडगडल्या. प्रत्येकीवर एक चिनी अक्षर, सोळांवर लाल, सोळांवर काळं.

"ह्ये चिनी बुद्धिबळ. पंधरा दिवस रोज यायचं, शिकायचं. सोळाव्या दिवशी परीक्षा. जिकायलाच पायजे असं न्हाई, पन डाव नीट खेळायचा. खेळलास तर किल्ली घ्यायची. न्हाईतर राम राम."

खोली रिकामी का असते ते कळलं. मला मराठीचा पेपर सोडवता आला नसता, इथं चिनी आला. पण ऊसतोडीची गाडी डोळ्यांसमोर होती. मी ओट्यावर बसलो.

आप्पांना हा खेळ एका चिनी फिटरनं शिकवला होता. शेजारच्या कारखान्यात मशीन बसवायला तो चार महिने आला होता. मेसचं तिखट त्याला सोसेना, म्हणून रोज संध्याकाळी मळ्यात पालेभाजी घ्यायला यायचा. आप्पांना त्याची भाषा येईना, त्याला आप्पांची. आप्पा सांगायचे, "आमचं बोलनं दोनच शब्दांचं. बरुबर असलं की हं, चुकलं की हॅ." आप्पांनी चुकीची चकती उचलली की फिटर त्यांच्या बोटांवर हातातल्या मेथीच्या जुडीनं टपली मारायचा. जाताना पट देऊन गेला. आप्पा शिकवायचेही त्याच पद्धतीनं, फक्त मेथीच्या जागी शेवग्याची शेंग. ती जरा लागते.

पहिल्या दिवशी शाळा किती ते विचारलं, मी सातवी म्हणालो; मग म्हणाले, मांड. मी मांडायला घेतलं, पण चकत्या घरात न ठेवता जिथं रेघ रेघेला छेदते तिथं ठेवत गेलो. वाघबकरीत तसंच असतं, मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आप्पांनी वर उचललेली शेंग खाली ठेवली.

"तुज्याआधी येक बीकॉम झाल्याला भाडेकरू व्हता," ते म्हणाले. "बुद्धिबळात तालुक्याला खेळल्याला. त्यो समदी मोहरी घरात बसवायचा. पाठीमागच्या रांगंला मोहरी नऊ, घरं आठ. येक उरायचंच. मला म्हनला, आप्पा, चिन्यानं येक जादा दिलाय. म्या म्हनलं, जादा न्हाई बाबा, तुला जागा कळंना. मेंढक्या घरात बसत न्हाई, वाट वाटंला मिळती तिथं बसतो." मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, ह्यो सातवी हाय! ह्याला बसवता येतंय!"

माझी सातवी कुणी कौतुकानं ओरडून सांगावी, असं तोवर कधी घडलं नव्हतं.

आतून आक्का आल्या. उंच, धिप्पाड, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी पटाकडं पाहिलं आणि मला विचारलं, "कुठल्या बाजूनं बसिवलंय तुला?" मी म्हणालो, काळ्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी दौंडाकडनं. आपला हाईस मग."

याचा उलगडा असा. आप्पा मूळचे वडगाव रासाईचे. तिथं भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आक्कांचं माहेर पलीकडं. पटावरच्या मधल्या कोऱ्या पट्ट्याला चिन्यांकडंही नदीच म्हणतात, फिटरनं तो बादलीतलं पाणी ओतून दाखवला होता. आप्पांच्या लेखी ती नदी भीमाच. लाल बाजू शिरूरची, ती त्यांची. काळी बाजू दौंडची, ती सासुरवाडीची, आणि समोर बसणारा कुणीही असो, तो सासुरवाडीचा. चार महिन्यांत त्या बिचाऱ्या फिटरलाही ते 'मेव्हणे' म्हणायचे.

अक्षरांची मला फार धास्ती होती. आप्पांनी ती दोन दिवसांत घालवली. "वाचायचं कशाला? बघायचं. ह्ये बघ, खाली चार ठिपकं, वर आयाळ : घोडा. ह्यो गाडा. बैलगाडी वरनं बघितली की अशीच दिसती, मधनं आस गेल्याला." खरंच तशी दिसायची. शाळेत मला असं बघायला कुणी सांगितलं असतं तर मी दहावीपर्यंत तरी गेलो असतो, असं आपलं मला वाटतं.

नियम ते आधी सांगत नसत. आधी चुकू द्यायचे, मग शेंग, मग नियम. गाडा सरळ कितीही पळतो. घोडा अडीच घरं जातो, पण त्याच्या पायाशी कुणी उभं असेल तर अडतो. आपल्या बुद्धिबळातल्यासारखा उडी मारून जात नाही. पाच गडी पुढं. ते एकेक पाऊल सरळ चालतात, नदी पार केली की आडवेही चालतात, मागं मात्र कधीच येत नाहीत. राजाला आप्पा सरपंच म्हणायचे. त्याच्याभोवती नऊ ठिकाणांची चौकट, ती चावडी. सरपंचानं चावडी सोडायची नाही. त्याचे दोन मेंबर, तेही चावडीतच, आणि चालायचं फक्त तिरकं.

"मेंबर सरळ का चालत नाही?" मी विचारलं.

"सरळ चालल्याला मेंबर तू बघितलाय कवा?"

तोफेचा नियम मला सगळ्यात अवघड गेला. तोफ चालते गाड्यासारखी, पण मारायचं असलं की मधे कुणीतरी एक असावं लागतं, आपलं किंवा परक्याचं, त्याच्यावरून मारा. मधे कुणी नसेल तर तोफ समोरच्याकडं नुसती बघत बसते. तीन दिवस शेंगा खाल्ल्या, म्हणजे बोटांवर. शेवटी आप्पा म्हणाले, "तलाठ्याकडनं उतारा काढलाय का कवा? मधी मानूस लागला का न्हाई?" त्यानंतर तोफ चुकली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम सरपंचांचा. दोन्ही सरपंच एकाच रेघेवर, मधे कुणीच नाही, अशी नजरानजर होता कामा नये. जो स्वतःच्या हातानं तशी वेळ आणील तो मेला. कारण विचारलं तर आप्पा म्हणाले, "मधी कोन नसताना दोन सरपंच समोरासमोर आलं की काय व्हतंय, त्ये आमी यात्रेत बघितलंय."

हत्तींची गोष्ट निराळी. हत्ती तिरके दोन-दोन चालतात आणि नदी ओलांडत नाहीत. आपल्याच काठावर राहून राखण करतात. आप्पांना हे पटायचं, पण आठच महिने. "उन्हाळ्यात भीमा आटती. गुडघाभर पानी. तवा हत्तीला काय अडचन?" हा प्रश्न त्यांनी फिटरलाही विचारला होता, पटावरच्या नदीत सुकं ढेकूळ ठेवून. फिटर इतका हसला म्हणे, की कपातला चहा मेथीवर सांडला. उत्तर मिळालं नाही. त्यामुळं आप्पांच्या मते हा नियम अजून प्रलंबित आहे, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्याशी खेळणाऱ्यानं आपला हत्ती कुठवर न्यायचा ते आधी ठरवून घ्यावं.

पाणी धरताना, झेंडू तोडताना त्यांच्या डोक्यात डाव चालूच. एकदा भर दुपारी कंपनीच्या गेटवरून निरोप आला : तुझं माणूस आलंय, अर्जंट आहे. गावाकडचंच काहीतरी असणार, बायकोचंच असणार. सुपरवायझरच्या हातापाया पडून धावत गेटवर आलो. आप्पा सायकल धरून उभे. फेटा घामानं भिजलेला.

"काय झालं आप्पा?"

"तुझा डावा घोडा हलवू नको," आप्पा म्हणाले. "रात्रभर इचार केला. हलवलास तर मरशील." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

समोर दौंडकर बसलाय, त्याला आपण बुडवायचं, हे खरं. पण तो वाईट खेळून बुडालेला त्यांना चालत नसे. त्यात मजा नाही, असं त्यांचं मत.

पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी संध्याकाळी परीक्षा. बायको त्याच रात्री गावाहून गाडीत बसणार होती, सकाळी कोरेगावला उतरणार. जुन्या खोलीतल्या आठही जणांना मी सांगून ठेवलं होतं, उद्या निघतो म्हणून; माझ्या वळकटीवर नवा माणूसही ठरला होता. आप्पांनी नवा शर्ट घातला होता. आक्का उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या. डाव मी बरा खेळलो. दोन्हीकडची बरीच माणसं पडली. आणि मग असं झालं, की माझा सरपंच मधल्या रेघेवर, मधली रेघ वरपासून खालपर्यंत मोकळी, आणि आप्पांचा सरपंच शेजारच्या रेघेवर सरकलेला. माझा गाडा त्या शेजारच्या रेघेवर आणला की त्यांच्या सरपंचाला शह. मधे घालायला त्यांच्याकडं माणूस नाही, गाडा मारायलाही कुणी पोचत नाही. रेघेवर पुढंमागं सरकले तरी शह तसाच. मधल्या रेघेवर यावं तर माझ्या सरपंचाची नजर. डाव खल्लास. मला हे लख्ख दिसलं.

आणि मी खेळलो नाही.

का, ते सांगतो. आधीच्या कंपनीत मी एकदा चारचौघांत साहेबांना म्हणालो होतो, तुमचं माप चुकतंय. माप चुकतच होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड नव्हतं. तेव्हापासून मी एक धडा पक्का केला होता, की ज्याच्या हातात आपली भाकरी त्याला हरवायचं नाही. आता ज्याच्या हातात खोली, त्याला त्याच्याच ओट्यावर, आक्कांच्या देखत हरवायचं? मी गाडा उचलला आणि दुसरीकडंच नेऊन त्यांचा एक कोपऱ्यातला गडी मारला. वर म्हणालो, "तुमच्यासारखं नाही जमत, आप्पा."

आप्पांनी हातातली शेंग बाजूला ठेवली.

"तुला दिसलं व्हतं."

"काय, आप्पा?"

"मेंढरं राखली हायती म्या. मेंढरू कुठं बघतंय त्यावरनं त्ये कुनाच्या रानात शिरनार कळतंय. तू गाड्याकडं बघितलंस, सरपंचाकडं बघितलंस, मग माज्या तोंडाकडं बघितलंस. आन् मग गडी मारलास." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "म्या लहान पोर हाय का? मला लिमलेटची गोळी देतोस व्हय?"

"चुकलं आप्पा—"

"नीट खेळायचं ठरलं व्हतं. न्हाई खेळलास." त्यांनी माझा गाडा उचलून जुन्या जागी ठेवला, मारलेला गडी परत उभा केला, आणि सगळ्या पटावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. "जा आता."

आक्का म्हणाल्या, "अवो, पोरीला दिस गेल्यात. सकाळी येनार हाय ती." आप्पा फेटा सावरत मळ्यात निघून गेले.

सकाळी बायको उतरली. हातात स्टोव्ह, डोक्यावर पत्र्याची पेटी, पाय सुजलेले. "लांब हाय का वो आपली खोली?" तिनं विचारलं. मी पेटी घेतली आणि चालायला लागलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय मळ्याकडंच वळले, दुसरीकडं कुणी ओळखीचं नव्हतंच.

आप्पा ओट्यावर होते. डालगं कालच्या जागीच. त्यांनी बायकोकडं बघितलं, आत हाक मारली, "पाव्हनी आलीया, चहा टाक." आक्कांनी तिला धरून आत नेऊन बसवलं. मला वाटलं, सुटलो. पण आप्पांनी डालगं उचललं.

"तुजी पाळी हाय."

डाव जसाच्या तसा होता. दारातून बायको बघत होती. तिला वाटलं, नवरा घरमालकाशी सोंगट्या खेळतोय, किती बरं चाललंय याचं. मी गाडा उचलला, त्या शेजारच्या रेघेवर नेला आणि ठेवला. मग म्हणालो, "शह, आप्पा."

आप्पा वाकले. सरपंच पुढं सरकवून बघितला, मागं सरकवून बघितला. मधल्या रेघेकडं नेता नेता माझ्या सरपंचाकडं बघून हात मागं घेतला. मेंबर चाचपले. हत्ती चाचपले. मला वाटलं, आता पट उधळणार. आप्पांनी मान वर केली आणि इतक्या मोठ्यानं हसले की शेवग्यावरचे कावळे उडाले.

"अगं ये, बाहीर ये! मेलो! सातवीवाल्यानं मारलं मला!"

आक्का पदर खोचत बाहेर आल्या, पट बघितला, आणि कमरेची किल्ली काढून त्यांनीच माझ्या हातात दिली. "दौंडानं शिरूर घेतलं," त्या म्हणाल्या. दुपारी हुलग्याची शेंगोळी केली. बायको तीन वाट्या जेवली.

त्यानंतर आठवडाभर मला गावात तोंड काढायची चोरी झाली. आप्पा दूध डेअरीवर, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल त्याला सांगायचे, माज्या भाडेकरूनं मला हरवलं. लोक मला विचारायचे, "कशात हरवलं रं म्हाताऱ्याला? भांडणात का?" मी खाली मान घालून निघून जायचो. पण रात्री आडवं पडलं की आपलं आपल्याला हसू यायचं.

चार वर्षं आम्ही त्या खोलीत राहिलो. मुलगी तिथंच झाली. बायको पुढं हा खेळ माझ्यापेक्षा आणि आप्पांपेक्षाही चांगला शिकली. ती भाकऱ्या थापता थापता आतून सांगायची, "आप्पा, तोफ बघा तुमची," आणि आप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे. मग मला शिरूरजवळ एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं आणि आम्ही तिकडं गेलो.

मागच्या दिवाळीत भेटायला गेलो होतो. आप्पांना आता काचबिंदूनं जवळजवळ दिसत नाही. चकत्यांवरची अक्षरं नुसती रंगवलेली, तीही बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. आप्पा चकती हातात घेऊन फिरवत बसतात आणि विचारतात, "ह्यो कोन?" आक्का सांगतात, "घोडा." खरं सांगतात का, ते आक्कांनाच ठाऊक. मी तिथंच म्हणालो, "आप्पा, मी नवा संच करून देतो, बोटाला कळेल असा." आप्पा म्हणाले, "कवा?"

तेव्हा मी 'लवकरच' म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर इथं देतो, आप्पा. बाभळीचं लाकूड आणलंय. बत्तीस चकत्या लेथवर काढून ठेवल्यात. अक्षरं कोरायला हात धजत नव्हता, एक रेघ चुकली तर तुम्हाला भलताच माणूस लागायचा; पण गेल्या महिन्यात चार घोडे कोरून झाले. बायकोनं डोळे मिटून त्यांचे पाय मोजले, बरोबर चार-चार भरले. आप्पा, दर रविवारी दोन, या हिशेबानं उरलेले करीन, बोट रुतेल एवढे खोल कोरीन, आणि यात्रेच्या आधी बत्तीसच्या बत्तीस स्वतः घेऊन येईन.